एफआर-४ वरचा एफएसएस: फिल्टर म्हणून चालतोय, स्ट्रेन मोजेल का?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे: एफएसएस, म्हणजे ठराविक फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरी अडवणारी तांब्याच्या नक्षीची शीट. १.६ मिमी एफआर-४ वर (फायबरग्लासचा सर्किट बोर्ड) तांब्याचे चौकोनी लूप: बाहेरची बाजू ५ मिमी, ट्रॅकची रुंदी ०.५, पिच (एका लूपपासून पुढच्यापर्यंतचं अंतर) ७, शीट २०० × २०० मिमी. १० गीगाहर्ट्झच्या आसपास बँडस्टॉप मिळतो (तो पट्टा अडतो), पण डिप, म्हणजे पलीकडे पोचणाऱ्या सिग्नलमधला खड्डा, −१८ डीबीलाच अडकतो. सिम्युलेशन −३० दाखवतं. पुढे हीच शीट ३ मिमी स्टीलच्या पट्टीला चिकटवून स्ट्रेन (लांबी किती प्रमाणात बदलली ते) मोजायचा आहे. जमेल का?

हॉर्नवाला (सातारा)
आधी डिपचं बघा. तेवढ्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पत्रा त्याच जागी उभा करा. तोही −२० च्या आसपासच दाखवत असेल तर शीट निर्दोष आहे. लहर कडेवरून वळसा घालून पलीकडच्या हॉर्न अँटेनाला पोचतेय. ६०० × ६०० च्या पत्र्यात खिडकी कापून शीट तिच्यात बसवा, फट कॉपर टेपने बुजवा, आणि रिकाम्या खिडकीवर नॉर्मलाइज करा (तिचं वाचन शून्य डीबी धरा). हॉर्नचं तोंड ८० मिमी असेल तर फार फील्ड (जिथे लहर जवळपास सपाट होते) साधारण ४३ सेमीपासून सुरू होतं, म्हणून ५० सेमी तरी अंतर ठेवा. सिम्युलेशनमध्ये लॉस टँजंट (बोर्ड किती ऊर्जा खातो त्याचं माप) ०.०२ घातलाय ना? तो नसेल तर डिप उगाच खोल दिसतो.

स्ट्रेनगेज_मिरज
फिल्टरची हीच शीट सेन्सर म्हणून चालणार नाही. लांबी जेवढ्या प्रमाणात वाढते, साधारण तेवढ्याच प्रमाणात फ्रिक्वेन्सी उतरते: १० गीगाहर्ट्झला १०० मायक्रोस्ट्रेन (दहा लाखात १०० भाग) म्हणजे फक्त १ मेगाहर्ट्झ. तुमचा डिप सहज गीगाहर्ट्झभर रुंद, त्याचा तळ नुसत्या डोळ्यांनी कुठला सापडायचा! तळाभोवतीच्या बिंदूंवर वक्र बसवूनच किमान काढा.

दुसरं, स्टीलला चिकटवलं की मागे ग्राउंड (लहर परतवणारा धातूचा पडदा) आला. ट्रान्समिशन संपलं, आता रिफ्लेक्शनमधला डिप बघायचा, आणि तोही जागा बदलून खाली येतो. ग्राउंडसकट पुन्हा डिझाइन करा. ॲराल्डाइटचा थरही डिप हलवतो, म्हणून शून्य वाचन तो पूर्ण वाळल्यावरच.

खरा शत्रू तापमान. स्टील अंशाला १२ मायक्रोस्ट्रेन प्रसरण पावतं. १० अंश चढले की १२० मायक्रोस्ट्रेन विनाभार, वर एफआर-४ च्या परमिटिव्हिटीतला (फ्रिक्वेन्सी ठरवणारा विद्युत गुणधर्म) बदल वेगळाच. सांगलीच्या उन्हात पुलाच्या गर्डरवर हे रोजचंच. म्हणून लूप सोडा, क्रॉस डायपोल (अधिक चिन्हासारख्या दोन आडव्या-उभ्या पट्ट्या) घ्या. हॉर्न ९० अंशात फिरवून दोन्ही दिशांचे डिप मोजा. तापमानाने दोन्ही एकाच बाजूला सरकतात. ओढीने एक खाली जातो, तर आडवा पॉइसनमुळे (ओढलेली वस्तू आडवी आकसते) किंचित वर. वजाबाकीत उरतो तो स्ट्रेन. पृष्ठभाग मात्र कोरडा हवा, पाण्याची पातळ फिल्मसुद्धा वाचन बिघडवते.

कृष्णाकाठ
फोर पॉइंट बेंडिंग (चार रोलरवर पट्टी वाकवणं) करतो मग. पडताळणीचा १२० ओहमचा नेहमीचा स्ट्रेन गेज स्टीलच्या मोकळ्या बाजूला लावू?

स्ट्रेनगेज_मिरज
नको, फसाल. वाकताना स्ट्रेन न्यूट्रल ॲक्सिसपासूनच्या (ना ताणलेला ना दाबलेला मधला थर) अंतराप्रमाणे वाढतो. स्टीलचा पृष्ठभाग तिथून साधारण १.५ मिमीवर, तुमचं तांबं बोर्डाच्या वरच्या बाजूला, म्हणजे ३ मिमीवर. गेज २०० सांगेल तेव्हा तांब्याला जवळपास दुप्पट बसलेला असतो, आणि सेन्सिटिव्हिटी दुप्पट आली म्हणून तुम्ही खूश व्हाल. गेज बोर्डावरच, डायपोलच्या रांगेशेजारी लावा, पण कडेपासून २० मिमी आत. कडेला गोंदातून स्ट्रेन पुरता चढलेला नसतो. २०० रुंद पट्टी, आतल्या-बाहेरच्या रोलरमधलं अंतर १०० मिमी, एकूण भार २४ किलो: नुसत्या स्टीलवर २०० मायक्रोस्ट्रेनच्या थोडं खाली वाचन येईल, बोर्ड चिकटवल्यावर त्याहून कमी, कारण बोर्डही भार उचलतो. ६-६ किलोच्या पायऱ्यांनी चढवा, तसंच उतरवा. उतरताना वाचन जागेवर परतलं नाही तर गोंद सरकतोय.