मेनफ्रेमसाठी एफटीपीएस की एसएफटीपी? मदत हवी आहे
राम राम मंडळी, जळगावात घरून काम करतो. आमच्या झेड/ओएसवरून (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम) रात्रीच्या बॅचनंतर फाईली अजून साध्या एफटीपीनेच (फाईली पाठवायची जुनी, एनक्रिप्शन नसलेली पद्धत) जातात, म्हणजे पासवर्डसकट सगळं उघड्यावर, भरीत पार्टीत पत्रावळीवर वाढल्यासारखं! आता ऑडिटवाले मागे लागलेत.

एसएफटीपीला (एसएसएचच्या सुरक्षित जोडणीवरून फाईली पाठवणं) एकच पोर्ट २२, फायरवॉलवाला खूश, पण ते चालवणारं आमचं जुनं ओपनएसएसएच सॉफ्टवेअर थेट डेटासेट (मेनफ्रेमच्या स्वतःच्या फाईली) वाचत नाही, आधी युनिक्स साईडला कॉपी करा, एबसिडिकचं (मेनफ्रेमचा अक्षरकोड) आस्की (बाकी संगणकांचा) करणंपण आपणच बघा. एफटीपीएस (एफटीपीच, पण टीएलएस एनक्रिप्शनसकट) डेटासेट नीट घेतं पण कंट्रोल चॅनल (आज्ञा जातात ती जोडणी) एनक्रिप्ट झालं की फायरवॉलला पॅसिव्ह पोर्ट (डेटासाठी सर्व्हर दर वेळी सांगतो तो) कळत नाही, मग पोर्टची आख्खी रेंज उघडून ठेवा. तरी माझा कल एफटीपीएसकडेच आहे.

कोणी एटी-टीएलएस (झेड/ओएसच प्रोग्रामसाठी टीएलएस सांभाळते ती सोय) लावून चालवलंय का? रेंज किती ठेवली? लवकर सांगा भो, शुक्रवारी मीटिंग आहे.