कमळ बस्ती सोडून कोल्हापूरचा पोसायडन कशाला?

टिळकवाडीकर:
रविवारी भाचरांना घेऊन कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमात गेलो. तिथं पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. देव ग्रीकांचा, मूर्ती रोमन काळातली आणि सापडली ब्रह्मपुरीच्या टेकाडात, पंचगंगेकाठी! अंगकाठी अशी, की भाचा म्हणाला, "हा तालमीत जात असणार." घरी आलो तर शेजारचे काका खवळले. "आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमळ बस्ती, एवढं जुनं जैन देऊळ, पोरांनी अजून बघितली नाही, आणि परक्यांचा देव बघायला पेट्रोल जाळालास?" माझं मत, चांगली वस्तू बघायला ती आपल्या वाडवडिलांची असावी लागत नाही. तुमचं?

शहापूर पेठ:
काका बरोबर बोलले. कमळ बस्ती १२०४ सालची, रट्ट घराण्यातला राजा कार्तवीर्य चौथा याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्यानं बांधलेली. आत छताला उलटं टांगल्यासारखं दगडी कमळ आहे, बहात्तर पाकळ्यांचं. चोवीस तीर्थंकर मागच्या काळाचे, चोवीस आताचे, चोवीस पुढचे. हे माहीत असलं की पाकळ्या मोजाव्याशा वाटतात, मान अवघडली तरी. पोसायडनपुढं तुझ्या भाच्याला तालीम आठवली. म्हणजे त्यानं तालीम बघितली, मूर्ती नव्हे.

टिळकवाडीकर:
मग काय झालं? सुरुवात तिथूनच होते की. तालमीवरून अंग कळलं, अंगावरून उद्या विचारेल, समुद्राचा देव घाटावर कसा आला. तेव्हा रोमन व्यापार सांगता येतो.

खानापूर रोड:
दोघांनाही एक विचारतो. 'आपली' बस्ती म्हणजे कुणाची? देऊळ जैनांचं, राजा रट्ट, शिलालेख कन्नड. दुकानाच्या पाटीवरून आपण इथं वर्षानुवर्षं भांडतोय, आणि त्या कमळाला मात्र बिनदिक्कत 'आपलं' म्हणतोय. (म्हणावंच, माझी तक्रार नाही.) पण मग परक्याची कला बघायला कोल्हापूरला जायची गरज नाही. ती किल्ल्यातच बघालोय.

शहापूर पेठ:
माती आपली आहे ना? तेवढं पुरे.

खानापूर रोड:
माती म्हणता, तर त्या बस्तीच्या दानाचे दोन शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बेळगाव त्यात वेणुग्राम म्हणून येतं, व्यापाऱ्यांनी देवळाला काय काय द्यायचं ते आहे, थेट मलयाळी व्यापारीही आहेत. दगड लंडनला आणि आम्ही इथं माती आपली म्हणत बसलोय!

निपाणी नाका:
ते परत आलेच पाहिजेत. लंडनच्या काचेआड तो नुसता अक्षरं कोरलेला दगड. जमीन कुठली, देऊळ कुठलं, कोण विचारणार?

टिळकवाडीकर:
हे मान्य. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन शिल्पपट आहेत, इराकातल्या निम्रूदच्या राजवाड्यातले. ते बघताना आपण 'वा' म्हणतो. इराकी माणूस हेच म्हणाला तर?

निपाणी नाका:
तर द्यावेत.

शहापूर पेठ:
एवढं सोपं आहे व्हय? मुंबईला ते आहेत म्हणून मी बघितले. बगदादला मला कोण नेणार होतं? तुझ्या हिशेबानं माझं बघणंच गेलं.

निपाणी नाका:
अहो, मघाशी तुम्हीच म्हणालात, आधी घरचं बघा.

शहापूर पेठ:
आधी म्हणालो. फक्त घरचंच असं कुठं म्हणालो?

टिळकवाडीकर:
बरं, शनिवारी सकाळी पोरांना किल्ल्यात नेतोय, काकांनाही. खानापूरवाले, तुम्ही येता का? तिथं कुठं कन्नड कोरलेलं दिसलं तर वाचून तरी दाखवा.

खानापूर रोड:
येतो. पण हळेगन्नड, म्हणजे जुनं कन्नड, मला कुठलं येतंय? चार अक्षरं लावेन, पुढं गाडी अडणार.