चर्चा: सर्वेवाले येतात अन् जातात, मग त्यांच्यावर सरकारनं पैसा घालवावा का?

धुऱ्यावरचा (दारव्हा)

'राळेगावकर' यांनी काल लिहिलं की समाजशास्त्र, अर्थशास्त्राच्या संशोधनाला सरकार पैसा देते ती निव्वळ उधळपट्टी आहे. वीस वर्षं विदर्भाचे अभ्यास झाले, त्यातून एक आत्महत्या थांबली नाही, तोच पैसा पांदण रस्त्याला आणि शेततळ्याला द्या. त्यावर भल्याभल्यांनी होकार भरला, म्हणून सविस्तर लिहितो.

२००५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेनं आत्महत्यांचा अहवाल दिला. २००६ मध्ये गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेनं राज्य सरकारसाठी दुसरा दिला. ही संस्था रिझर्व्ह बँकेनं काढलेली, म्हणजे पैसा जनतेचाच. त्यांनी आत्महत्या झालेली घरं आणि तशाच गावांतली न झालेली घरं शेजारी ठेवून तपासली. फरक कुठं निघाला? कर्जाच्या बोजात तर निघालाच, पण बैलजोडीतही निघाला. ज्या घरी बैल नव्हते ते घर जास्त धोक्यात होतं. बैल असला की डवरणी वेळेवर होते, अडीनडीला त्याच्यावर पैसाही उभा राहतो. हे आपल्या आजोबाला माहीत होतं, मंत्रालयाला नव्हतं. ते त्यांच्यापर्यंत कागदावर गेलं ते या अभ्यासानं.

त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं, सहा जिल्ह्यांसाठी. त्यात काय होतं? अनुदानावर दुधाळ गायी! ढेप परवडत नाही, हिरवा चारा नाही, दुधाला डेअरी नाही अशा घरी संकरित गाय बांधली. किती जणांनी ती पहिल्याच उन्हाळ्यात विकली ते आपल्या गावात विचारा. अहवालात बैल निघाला आणि वाटपात गाय आली, यात अभ्यास करणाऱ्याचा दोष कोणता?

२००८ ची कर्जमाफी बघा. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी, त्यावरच्याला पंचवीस टक्के सूट, तीही उरलेलं भरलं तर. ओलिताच्या पट्ट्यात दोन हेक्टरचा माणूस खाऊनपिऊन सुखी असतो, आमच्याकडे नऊ एकर कोरडवाहूवाला सोसायटीचा थकबाकीदार. कोरडवाहूचा एकर आणि ओलिताचा एकर सारखा नसतो हे सरकारी पैशानं झालेल्या किती अभ्यासांत तेव्हाच लिहिलेलं होतं. कोणी उघडून पाहिलं नाही. न वाचलेल्या अहवालाची शिक्षा अहवाल लिहिणाऱ्याला द्यायची म्हणता?

राळेगावकर

भाऊ, तुम्ही कागदावरचं सांगता, मी घरातलं सांगतो.

माझा चुलतभाऊ गेला तेव्हा सर्वेवाले पाठोपाठ आले. कोणी विद्यापीठाचे, कोणी संस्थेचे, कोणी नुसतेच बॅग घेऊन. प्रत्येकाजवळ प्रश्नावली. वहिनी दर वेळी पहिल्यापासून सांगे: कोणत्या दिवशी गेले, विषाचा डबा कोणता होता, आधी काय बोलले. पोरगं कोपऱ्यात बसून ऐके. एका ताईला वहिनीनं विचारलं, हे लिहून काय होईल? ती म्हणाली, धोरण ठरवायला उपयोग होते. इकडं केस अपात्र ठरली, कारण कर्ज बिनपरवाना सावकाराचं होतं. एक लाखाची मदत गेली. ती ताई परत आली नाही, तिचा अहवालही आला नाही. तिला पीएचडी भेटली असंल, वहिनीले काय भेटलं?

तुमची बैलजोडीची गोष्ट खरी असंल. पण ते सांगाले गोरेगावची संस्था कशाले पाहिजे? पारावर बसला असता कोणी, तर फुकटात समजलं असतं.

दिग्रसचा मास्तर

पारावरची गोष्ट कोर्टात चालत नाही, राळेगावकर. खेडा खरेदीवाला व्यापारी, बँकेचा मॅनेजर, तहसीलदार, तिघांजवळ आपापले कागद असतात. आपल्याजवळ कागद नसला तर आपण आपलीच गोष्ट सांगतच राहतो.

दांडेकर समिती आठवा. १९८४ मध्ये त्यांनी जिल्हावार मोजून सांगितलं की राज्याचा विकासाचा अनुशेष, म्हणजे मागं राहिलेलं काम, ३,१८६ कोटींचं आहे आणि त्यातला १,२४६ कोटींचा विदर्भाचा. त्याआधी 'आमच्यावर अन्याय झाला' म्हटलं की मुंबईत हसत. आकडा आला आणि विधिमंडळात बोलायला तोंड मिळालं. पुढं वैधानिक विकास मंडळं आली, राज्यपालांचे निर्देश आले.

राळेगावकर

अन् अनुशेष भरला का? मंडळाची मुदत २०२० मध्ये संपली ते सांगा ना. समतोल विकासावर केळकर समितीनं २०१३ मध्ये अहवाल दिला, त्याचं काय झालं तेही सांगा. एका समितीनं मोजायचं, दुसरीनं कसं मोजायचं ते ठरवायचं. पाणी काही वावरात आलं नाही.

सदरबाजार (नागपूर)

मी कर भरतो, म्हणून बोलतो. १९६९ पासून भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. तिच्या पैशावर झालेलं बहुतेक लेखन इंग्रजीत, तेही पैसे भरून वाचायच्या नियतकालिकात. बढतीसाठी शोधनिबंध लागतो म्हणून शोधनिबंध. यवतमाळच्या नावावर झालेला अभ्यास यवतमाळच्या माणसाला वाचता येत नसेल, तर त्याचे पैसे मी का द्यावे?

आणि ज्यांचं काम खरंच उपयोगी पडलं ते सरकारी पैशाची वाट बघत बसले नाहीत. आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायांचा अभ्यास महिला किसान अधिकार मंचानं केला. गडचिरोलीत बंग दाम्पत्यानं नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचं काम मोजून दाखवलं, १९९९ मध्ये ते जगभर वाचलं गेलं आणि पुढं ते आशाताईंच्या कामात आलं. स्वयंसेवी संस्था करू शकतात, करू द्या.

धुऱ्यावरचा (दारव्हा)

भाषेबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, त्यावर वाद नाही. पण संस्थांचं जे सांगितलं ते अर्धंच आहे. संस्था दहा-वीस गावं बघते. तिची गावं बाकीच्यांपेक्षा वेगळी की सारखी, हे कशाशी ताडून बघणार? जनगणनेशी आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाशीच ना! ते कोणतीही संस्था करू शकत नाही. जनगणना लांबली तर काय होतं ते रेशनच्या यादीत बघा. अजून २०११ चीच लोकसंख्या धरून इष्टांक ठरतात, त्यानंतर जन्मलेल्याचं नाव चढवायला तहसीलीत चकरा. आणि २०१७-१८ चा घरखर्चाचा सर्वे सरकारनं दाबून ठेवला तो काय निरुपयोगी होता म्हणून? आकडा अडचणीचा असला की त्याची भीती वाटते.

कपाशी_अकोट

राळेगावकरांना एकच विचारतो. कापसाचा हमीभाव कुठून येतो? २०२५-२६ चे क्विंटलला ७,७१० (मध्यम धागा) आणि ८,११० (लांब धागा), हे आकाशातून पडले नाहीत. कृषी विद्यापीठांचे लोक निवडलेल्या गावांत दहा-दहा कास्तकार धरतात, जमिनीच्या लहानमोठ्या पाच गटांतले दोन-दोन, आणि हंगामभर त्यांचा खर्च लिहितात. बियाणं, खत, फवारा, बैलाचे दिवस, घरच्या माणसाची मजुरी. हेही सामाजिक संशोधनच आहे, सरकारी पैशाचं. ते बंद करा म्हणता? मग भाव जिनिंगवाला ठरवेल.

माझं भांडण वेगळं आहे. देशाची सरासरी काढतात, त्यात आमचा कोरडवाहू बुडतो. आणि वेचणी! आज दहा-बारा रुपये किलोच्या खाली बाई वावरात पाय ठेवत नाही. वरून ऑटोचं भाडं आपलं. कापूस विकून वेचणीच देतो आपण. मजुरीनं कास्तकार मारला, हे एकदा लिहून घ्या म्हणावं या संशोधकांनी.

वेचणीवालीचा पोरगा

मजुरीनं मारला?

माझी माय सीतादही, म्हणजे वेचणीचा मुहूर्त झाल्यापासून शेवटच्या फरदडीपर्यंत दुसऱ्याच्या वावरात असते. ओटी बांधून वाकलेली. सुकलेल्या बोंडाची टोकं नखात घुसतात, रात्री हळद-तेल लावून बसते. सकाळच्या दवातला कापूस जड भरते म्हणून काट्यावर किलो-दीड किलो 'ओला' सांगून कापतात. काटा कोणाच्या हातात? मालकाच्या. दहा-बारा रुपये तुमाले दिसते, कापलेला कापूस नाही दिसत.

अन् तुमच्या त्या खर्चाच्या वहीत माझी माय कुठं आहे? 'मजुरी' नावाच्या रकान्यात, खत अन् फवाऱ्याच्या खाली. तिच्या घरी किती येते, पावसाळ्यात किती दिवस चूल अर्धीच पेटते, हे कोणी लिहिते का? कास्तकाराचं दुःख मोजाले सगळे येतात. वावर नसलेल्या माणसाच्या घरी कोणी बॅग घेऊन येत नाही.

कपाशी_अकोट

भावनेचं बोलू नका. तुमच्या मायला रोख मिळते, त्याच दिवशी नाही तर आठवड्याला. आम्हाला सरकारी कापूस खरेदीच्या, सीसीआयच्या ग्रेडरनं गाडी परत केली तर? बोंडअळी आली तर? २०१७ ला निम्मी बोंडं किडली, तरी वेचणी दिलीच ना आम्ही.

वेचणीवालीचा पोरगा

त्याच २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. पाठीवर पंप कोणाच्या होता? त्यात मजूर किती होते हे आधी पाहा, मग 'आम्ही' म्हणा.

राळेगावकर

अकोटवाले भाऊ, तोंड सांभाळा जरा. मीही कास्तकार आहे, मलाही वेचणी जड जाते, पण बाईच्या मजुरीवर कास्तकार मेला हे म्हणणं बरोबर नाही. आमची वहिनी भावाच्या मागं दोन वर्षं दुसऱ्याच्या वावरात वेचायला जात होती.

वर्धेची लेक

तुम्ही दोघंही एकाच घराचे आहात हे आकडा सांगतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७७ वी फेरी, २०१९ ची. देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न सरासरी १०,२१८ रुपये. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. म्हणजे शेती करणारं घरही पिकापेक्षा मजुरीवर जास्त जगतं. अकोटवाले, मजुरी वाढली तर लहान कास्तकाराच्याच घरात पैसा येतो. हे पारावर कोणी मान्य करत नाही, कारण पारावर मजुरी करतो असं सांगायची लाज वाटते. प्रश्नावलीत सांगतात.

मी स्वतः सर्वेला फिरले आहे, म्हणून राळेगावकरांना सांगते. आम्हालाही रोजंदारीच होती. घर दाखवायला सरपंचाचा माणूस सोबत असला की बाया काहीच बोलत नसत, तो पाणी प्यायला गेला की घडाघडा सांगत. ते सगळं आम्ही लिहून दिलं. अहवाल आम्हालाही कोणी दाखवला नाही.

कपाशी_अकोट

आकडा देशाचा आहे, माझ्या गावाचा नाही. तरी ठीक आहे, मजुरीवर मी जास्त बोललो असं कोणाला वाटत असेल तर वाटू द्या. हमीभावाचा हिशोब चुकतो यावर मी ठाम आहे.

झाडीपट्टी

तुमच्या भांडणात एक गाव राहून गेलं. गडचिरोलीतल्या धानोऱ्याजवळचं मेंढा-लेखा. तिथं गावाचा अभ्यासगट आहे, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल त्यांच्यासोबत बसत. जंगल, कायदा, बांबू, सगळ्याचा अभ्यास गावानंच केला. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला. बाहेरचा अभ्यासक आला तर तोही गावासमोर बसून बोलतो. संशोधन नको असं ते गाव कधी म्हणालं नाही. आमच्यासमोर करा, एवढंच म्हणालं.

सदरबाजार (नागपूर)

हे चालेल. ज्या गावात सर्वे झाला त्या ग्रामसभेत मराठीत अहवाल वाचल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता सोडायचा नाही, अशी अट घाला. मग मी माझ्या कराबद्दल तक्रार करणार नाही.

राळेगावकर

अट घाला, अन् वाचायला तोच माणूस यायला पाहिजे ज्यानं विचारलं होतं. कारकून पाठवून नाही चालणार. एवढं होत असंल तर द्या त्यांना पैसा. पांदण रस्त्याचं मी सोडत नाही, तो वेगळा मागेन.

वेचणीवालीचा पोरगा

ग्रामसभेत माझ्या मायले येता यावं म्हणून ती वेचणीच्या दिवसात ठेवू नका. अन् पुढच्या वेळी खर्चाची वही घेऊन येणाऱ्यानं आमच्या टोलीवरही यावं, संध्याकाळी सातनंतर. त्याच्या आधी घरी कोणी नसते.

धुऱ्यावरचा (दारव्हा)

सातनंतरचं लिहून घेतलं. कपाशी_अकोट, तुमच्या भागात खर्चाची वही कोणत्या गावात लिहितात ते कळवा. वेचणीचा दर त्यात कोणत्या महिन्याचा धरला आणि काट्यावरची कपात धरली की नाही, हे दोन्ही मला बघायचं आहे.