मदत हवी आहे : जाताना भरलेल्या आणि येताना रिकाम्या पिकअपच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दीड टन माल नेणारी पिकअप आहे. टोमॅटोच्या हंगामात ती रात्री नारायणगावहून आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण अशी वाशीच्या बाजारात जाते आणि सकाळी रिकामे क्रेट घेऊन त्याच वाटेने परतते. एका क्रेटमध्ये साधारण २० किलो माल असतो आणि असे सत्तरच्या आसपास क्रेट असतात. येताना मात्र मागच्या चाकांवर भार असा नसतोच.

चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर जो तक्ता चिकटवलेला आहे, त्यात पुढच्या टायरसाठी दोन्ही वेळा ४० पीएसआय, तर मागच्या टायरसाठी गाडी रिकामी असताना ३६ आणि भरलेली असताना ६० पीएसआय असे आकडे आहेत. टायरच्या अंगावर मात्र कमाल ६५ कोरलेले आहे आणि टायरवाल्याने तेवढीच भरून दिली आहे. आमच्या चालकाचे म्हणणे असे, की ४५ च्या वर जाऊच नये. सध्या मागच्या टायरचा मधला पट्टा कडांच्या आधी झिजू लागला आहे. पावसात घाट चढताना वळणावरच्या खड्ड्यात मागचे चाक आपटले, की हौद्यातले रिकामे क्रेट खडखडत एका बाजूला सरकतात आणि गाडीची मागची बाजू ओल्या रस्त्यावरून सरकल्याचे स्पष्ट जाणवते.

वाशीला माल उतरल्यावर हवा कमी करावी का, आणि नायट्रोजन भरल्याने काही फरक पडेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

टायरवरचा ६५ हा आकडा त्या टायरची मर्यादा सांगतो, तर दरवाजावरचा तक्ता आपल्या गाडीचे वजन आणि तिचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंग) विचारात घेऊन केलेला असतो. त्यामुळे तक्त्यालाच प्रमाण मानावे. हौद्यातील बहुतेक भार मागच्या आसावर येत असल्याने पुढचा आकडा बदलत नाही, हेही त्यावरून लक्षात येईल.

भार किती, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा एकदा भरलेली गाडी भुईकाट्यावर न्यावी आणि फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन करावे. समजा ते २,०५० किलो भरले, तर प्रत्येक टायरवर १,०२५ किलो आले. आता टायरच्या मापापुढे छापलेला भारांक पाहावा. तो ११२ असेल तर एका टायरची क्षमता १,१२० किलो आणि १०८ असेल तर केवळ १,००० किलो असते, तीही पूर्ण हवेवर. म्हणजे भारांक ११२ असल्यास तक्त्यातील ६० योग्य आहे. १०८ असल्यास हवा वाढवून भागणार नाही, माल कमी करावा लागेल किंवा टायर बदलावे लागतील.

भरल्या गाडीला ४५ ठेवणे मात्र धोक्याचे आहे. कमी हवेच्या टायरच्या बाजू सतत दुमडतात, आतून तापतात, आणि घाट उतरताना ब्रेकची उष्णता रिममधून त्यातच भर घालते. जास्त हवेने रिकामी गाडी उडते आणि तिची पकड घटते. ते सावकाश चालवून बरेचसे सांभाळता येते, पण भरल्या गाडीचा टायर फुटला तर सांभाळायला वेळच मिळत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी मागे ६० ठेवून जावे-यावे आणि हंगाम संपल्यावर ३६ वर आणावे. मधला पट्टा झिजण्याचे कारण बहुधा ६५ हवा आणि निम्मा प्रवास रिकामा, हेच आहे. क्रेट मात्र येतानाही दोरीने आवळून बांधावेत.

हे सर्व आकडे थंड टायरचे आहेत, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली असावी. ६० पीएसआयचा टायर १० अंशांनी तापला, की सुमारे अडीच पीएसआय आपोआप वाढतात. ती वाढ पाहून वाटेत हवा सोडू नये.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. फक्त पावसाळ्यापुरती एक पुस्ती जोडतो. माल उतरून हिशेब होईपर्यंत गाडी तीन-चार तास उभी राहत असेल, तर थंड झालेल्या मागच्या टायरची हवा ४० पर्यंत उतरवायला हरकत नाही. त्यासाठी दोन अटी आहेत : मापक स्वतःचा असावा, आणि संध्याकाळी माल भरण्याआधी ६० पर्यंत हवा देणारा कॉम्प्रेसर गावात खात्रीने उपलब्ध असावा. पैकी एक जरी जमत नसेल, तर या फंदात पडू नये.

नायट्रोजनवर खर्च करू नये. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि तापल्यावर दाब वाढण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. टायरवर भारांक ११२/११० असा आहे. यातला कोणता धरावा?

प्रतिसाद १

आपल्या गाडीला मागे एका बाजूला एकच चाक असल्याने ११२ धरावा. दुसरा आकडा जोडचाकांसाठी असतो. स्टेपनीतही ६० भरून ठेवावी. पुढे लावायची वेळ आली तर ४० पर्यंत उतरवता येते, पण रात्री घाटात चढवता येत नाही.