रुपेरी तार म्हणजे ॲल्युमिनियमच असे नाही
भंगारात विकायची जुनी वायर जाळली की तांबे झटपट सुटते, असा सल्ला दिला जातो; तो कृपया कोणी पाळू नये. वायरीवरच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिन ही विषारी रसायने असतात, शिवाय काळवंडलेल्या तांब्याला भावही कमी मिळतो.

जुन्या घरांतल्या तारांविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घराचे वायरिंग बदलले, तेव्हा लाकडी पट्टीवरून गेलेल्या, रबर आणि सुती विणीचे आवरण असलेल्या तारा निघाल्या. सोलल्यावर आत रुपेरी तार दिसली, म्हणून अटालेवाल्याने (भंगारवाल्याने) ती ॲल्युमिनियमच्या ढिगात टाकली. धाकट्या भावाने टोकावर कानस फिरवली आणि खालून लालसर तांबे चमकले! रबरातल्या गंधकाने तांबे खराब होऊ नये, म्हणून त्या काळी तारेला कथलाची कल्हई करत असत. अशा तांब्याला लख्ख तांब्यापेक्षा थोडा कमी दर मिळतो, पण ॲल्युमिनियमच्या दरात ते देणे म्हणजे मोठेच नुकसान. वजनाचाही अंदाज असावा: २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या ९० मीटर तारेत सुमारे २ किलो तांबे असते, तर तेवढ्याच जाडी-लांबीच्या ॲल्युमिनियमच्या तारेचे वजन जेमतेम ६०० ग्रॅम भरते.