पार्माच्या ड्यूकला भोसकलं ते बरं झालं का?

तिकीटबाबू

माझ्या संग्रहात इटलीतल्या जुन्या पार्मा संस्थानाचं पोस्टाचं एक तिकीट आहे. १८५२ सालच्या पहिल्या मालिकेतलं, १५ चेंतेसिमीचं. गुलाबीसर कागद, काळी छपाई, मधे बूर्बों या फ्रेंच मूळच्या राजघराण्याचं लिलीचं फूल आणि वर मुकुट. तेव्हा तिकिटांना कडेने भोकं नसत, कात्रीने कापून द्यायचे. माझ्या तिकिटाची डावी चौकट कापणाऱ्याने अर्धी खाल्लीय, म्हणूनच ते मला परवडलं.

ज्याच्या राज्यात हे तिकीट निघालं त्या ड्यूकचा चेहरा मात्र त्यावर नाही. आणि दोन वर्षांत तो ड्यूकही नव्हता. रविवार, २६ मार्च १८५४. संध्याकाळी पार्मातल्या सांता लुचिया चर्चजवळच्या रस्त्यावरून चालला होता, एका माणसाने पोटात सुरा खुपसला आणि तो गर्दीत दिसेनासा झाला. ड्यूक दुसऱ्या दिवशी गेला. वय ३१. गावात फारसं कुणी रडलं नाही म्हणतात.

हा कार्लो तिसरा. थोडी पार्श्वभूमी देतो. पार्मा म्हणजे उत्तर इटलीतलं ५ लाखांच्या आसपास वस्तीचं संस्थान. नेपोलियनची दुसरी बायको मारी लुईझ हिने तिथे १८१६ ते १८४७ राज्य केलं. ती लोकांना आवडायची. तिच्यानंतर ठरल्याप्रमाणे गादी बूर्बोंकडे परत आली, म्हणजे आपल्या ड्यूकच्या वडलांकडे. काही महिन्यांत १८४८ चा उठाव झाला आणि वडील पळाले. पोरगा वाटेत क्रेमोनाला सापडला, मिलानमध्ये कैदेत राहिला. मग ऑस्ट्रियाने बंडखोरांना चेपलं, १८४९ च्या मार्चमध्ये वडलांनी मुलाच्या नावे गादी सोडली आणि हे महाशय ऑगस्टमध्ये पार्मात आले. वडील नंतर १८८३ पर्यंत निवांत जगले. गादी टाकून सुटणारा शहाणा, एवढं मी म्हणेन.

कार्लोला दोन गोष्टींचा नाद: लष्करी गणवेश आणि बायका. कवायती, नवे पोशाख, नव्या पलटणी, खजिन्याचा चुथडा. पण माझ्या मते तो जुलमी वगैरे नव्हता. नुसता उथळ होता. त्याला उचलून बसवला ऑस्ट्रियाने, टिकवून धरला ऑस्ट्रियाने. १८१५ पासून पिआचेन्झाच्या किल्ल्यात ऑस्ट्रियन पलटण ठेवायचा हक्क होता, मग राज्य कुणाचं? बाहुलीला भोसकून खेळवणाऱ्याचं काय बिघडलं? हा खून मला पोकळ वाटतो. तुमचं काय?

उलटतपासणी

बाबू, तिकिटं छान जमवता. इतिहास मात्र सोयीचा सांगता.

एक शब्द तुम्ही सफाईने गाळलात: फटके. हा 'नुसता उथळ' माणूस लोकांना काठीचे फटके देववत असे. लष्करी कायद्याचा अंमल ठेवला होता आणि त्याच्याखाली क्षुल्लक कारणावरून माणसं आडवी घालून झोडली जात. खेळवणारा व्हिएन्नात असेल. पाठीवर वळ उठले ते पार्मातल्या माणसाच्या, आणि ते देणाऱ्याचा हुकूम पार्मातल्या वाड्यातून यायचा. मार खाणाऱ्याला तुम्ही काय सांगणार, की बाबा रे, हा मूळचा वाईट नाही, जरा उथळ आहे?

तिकीटबाबू

फटके ऑस्ट्रियन अमलात सगळीकडेच होते. मिलानमध्ये काय हार घालत होते का?

उलटतपासणी

म्हणजे शेजारी चोर आहे म्हणून आपणही चोर चालतो. छान.

नाटकवेडा

मधेच तोंड घालतो. ऑपेरावाला व्हेर्दी हा या ड्यूकचा प्रजाजन होता बरं का! बुसेतोजवळचं रोंकोले हे त्याचं जन्मगाव पार्मा संस्थानातच. आणि १८५१ च्या मार्चमध्ये त्याचा व्हेनिसला लागलेला 'रिगोलेत्तो' हा ऑपेरा कशावर? बायकांच्या मागे धावणाऱ्या ड्यूकवर, ज्याच्या खुनाची सुपारी दिली जाते. तीन वर्षांनी खऱ्या ड्यूकला सुरा! व्हेर्दीने आपल्याच धन्यावर लिहिलं असणार.

बारभाई

नाटकवेडेसाहेब, नाही हो. कथा व्हिक्टर ह्यूगोच्या नाटकावरून घेतलीय, त्यात होता फ्रान्सचा राजा. व्हेनिसमधल्या ऑस्ट्रियन सेन्सॉरने 'राजा असा दाखवायचा नाही' म्हणून अडवलं, तेव्हा राजाचा मांतुआचा ड्यूक झाला. मांतुआत तेव्हा कुणी ड्यूकच उरला नव्हता, त्यामुळे कुणाच्या नाकाला मिरची झोंबायची भीती नव्हती. पार्माचा काही संबंध नाही.

व्हेर्दीचा खरा संबंध पुढचा आहे. १८५९ मध्ये पार्माच्या लोकांनी बूर्बोंना काढून शेजारच्या पिडमाँटच्या राज्यात सामील व्हायचं ठरवलं, तो कौल घेऊन तुरिनला राजाकडे जे शिष्टमंडळ गेलं त्यात व्हेर्दी होता.

नाटकवेडा

मान्य. पण माझी गोष्ट जास्त चांगली होती.

बारभाई

आता मूळ मुद्दा. बाबूंचं एक बरोबर आहे, हा माणूस राज्यकर्ता म्हणून कुणी गंभीरपणे घ्यावा असा नव्हता. कारभार कुणाच्या हातात होता बघा. थॉमस वॉर्ड! यॉर्कशायरचा मोतद्दार. घोड्यांच्या निमित्ताने युरोपात आला, जॉकी झाला, लुक्कात वडील ड्यूकच्या तबेल्यात लागला आणि तिथून चढत चढत बॅरन, अर्थमंत्री, व्हिएन्नातला वकील. बापाने गादी सोडली तरी वॉर्ड राहिला, वारसाहक्काने मिळाल्यासारखा.

गरिबाघरचा माणूस मंत्री झाला याबद्दल माझी तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. हुशार होता, वाटाघाटीत पक्का. पण लोकांना दिसायचं काय? फ्रेंच रक्ताचा ड्यूक, इंग्रज मोतद्दार मंत्री, ऑस्ट्रियन संगिनी. १८५२ च्या तहाने जकातसुद्धा ऑस्ट्रियाच्या संघात गेली. पार्माचं म्हणून त्या सरकारात उरलं काय? फक्त कर भरणारे.

गवताचंपातं

पार्माचं चीज. ते तरी इटालियनच होतं.

खडीसाखर

सगळे ड्यूकवर बोलताय, त्याच्या बायकोकडे कुणी बघत नाही म्हणून लिहिते.

लुईझा मारिया तिचं नाव. फ्रान्सच्या दहाव्या शार्लची नात. तिचे वडील ड्यूक ऑफ बेरी. १३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री ते पॅरिसला ऑपेरातून बाहेर आले. पत्नीला गाडीत बसवायला आले होते म्हणे. तिथे एकाने त्यांना भोसकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. लुईझा तेव्हा पाच महिन्यांची होती. मारणारा लुव्हेल हा कोण? धंद्याने जीनगर. खोगिरं शिवणारा.

आता पार्मा. ज्याच्यावर खुनाचा आळ आला तो अंतोनियो कार्रा. तोही जीनगरच.

बाप जीनगराच्या हत्याराने गेला, नवराही जीनगराच्या हत्याराने गेला, आणि दोघेही वार झाल्यावर दुसऱ्या दिवशी मेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुणीतरी रचलंय असं वाटून दोन-दोनदा तपासलं. कार्लोने तिला सुख दिलं नाही, त्याची लफडी गावभर होती, तरी त्या रात्री बिछान्याशेजारी बसून तिला काय आठवलं असेल? आईने आयुष्यभर सांगितलेली गोष्टच ना? मोठा मुलगा रोबेर्तो पाच वर्षांचा. आता तो ड्यूक.

आणि बाबू, खून पोकळ होता म्हणता ना? मग पुढचं बघा. बाईने कारभार हाती घेतल्याबरोबर वॉर्डला घरी पाठवलं, फौज कमी केली, सक्तीचं कर्ज मागे घेतलं. पाच वर्षांत नवऱ्याने जे बिघडवलं त्यातलं बरंच काही तिने आठवड्यांत सावरायला घेतलं. कबूल करायला जड जातं, पण सुऱ्याने फरक पडला.

उलटतपासणी

खडीसाखरताई, जीनगराचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

तिकीटबाबू

ताई, लिहिलंय सुंदर, पण अर्ध्यावर थांबलात. त्याच वर्षी २२ जुलैला पार्मात पुन्हा उठाव झाला. मग त्याच दयाळू राणीच्या राज्यात ऑस्ट्रियन सैनिकांच्या मदतीने तो मोडला आणि माणसांना गोळ्या घातल्या. मार्च ते जुलै, मोजा किती महिने. हेच तर मी म्हणतोय. वरचं माणूस बदललं, खालचं बूट तेच.

खडीसाखर

बूट तेच, हे मान्य. पण 'काहीच बदललं नाही' आणि 'सगळं बदललं नाही' यात फरक आहे. तुम्ही पहिलं म्हणत होतात.

बारभाई

मारेकऱ्याबद्दल. कार्रा पकडला गेला आणि सुटला. पुढे अर्जेंटिना गाठलं. राजाचा खून आणि फाशी कुणालाच नाही! यावरून पार्मातल्या पोलिसांना, साक्षीदारांना ड्यूकबद्दल काय वाटत होतं ते समजावं.

हा इटलीतला क्रांतिकारक मॅझिनी याच्या गोटातला कट होता असं तेव्हापासून बोललं जातं. आपल्याकडे मॅझिनी म्हटलं की सावरकरांनी मराठीत आणलेलं त्याचं आत्मचरित्र आठवतं, आणि तो एकदम देवघरात बसतो. इटलीत त्याच्याच बाजूच्या लोकांना तो एवढा सोवळा वाटत नव्हता. व्हेनिसचा लढवय्या मानिन, स्वतः हद्दपार, त्याने १८५६ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहून या 'सुऱ्याच्या सिद्धांता'वर झोड उठवली. का? कारण पार्मात ड्यूकनंतर सुरे थांबलेच नाहीत. अधिकाऱ्यांवर हल्ले होत राहिले. उलटतपासणीसाहेब, एक सुरा न्याय्य म्हटलात की दुसरा कुठल्या तोंडाने नाकारणार?

उलटतपासणी

सुरा न्याय्य होता असं मी लिहिलेलं दाखवा. ड्यूक जुलमी होता, एवढंच लिहिलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण या धाग्यावर प्रत्येकाला त्या एकत्र हव्यात. बाबूंना खून वाईट ठरवायचा आहे म्हणून ड्यूक बिचारा करतात. तुम्हाला मॅझिनीला खाली ओढायचं आहे म्हणून मला मारेकऱ्याच्या बाजूला उभं करता.

आणि 'जुलमी नव्हता' म्हणणाऱ्यांसाठी अन्वितीची गोष्ट. हा कर्नल म्हणजे कार्लोच्या काळातला दंडुकेशाहीचा चेहरा. बूर्बों गेल्यावर तो परांगदा झाला. ५ ऑक्टोबर १८५९ ला आगगाडीने पार्मावरून जात असताना स्टेशनात कुणीतरी ओळखला. जमावाने त्याला ओढून काढलं, ठार केलं, मुंडकं कापलं आणि भर चौकातल्या खांबावर नेऊन ठेवलं. ड्यूक मरून साडेपाच वर्षं झाली होती! उथळपणाचा राग माणसं साडेपाच वर्षं धरून ठेवतात का हो?

गवताचंपातं

जेवताना वाचत होतो. ताट बाजूला ठेवलं.

तिकीटबाबू

अन्वितीपुढे माझं उत्तर नाही. 'जुलमी नव्हता' हे शब्द मागे घेतो. 'जुलमी आणि उथळ' चालेल? माझ्या डोळ्यांपुढे गणवेशाच्या गुंड्या मोजणारा पोरगा होता. गुंड्या मोजणाराही फटके देववू शकतो, हे मी नीट धरलं नव्हतं.

पण खुनाबद्दल मत तेच. पार्मा मोकळं झालं ते १८५९ मध्ये फ्रान्स आणि पिडमाँटने ऑस्ट्रियाला लढाईत हरवल्यावर. जूनमध्ये राणी मुलांना घेऊन निघून गेली, पुढच्या मार्चमध्ये मतदान होऊन संस्थान संपलं. कार्लो जिवंत असता तरी त्याच जूनमध्ये पळाला असता, बापासारखा. त्याला घरचा पळण्याचा अनुभव होता.

बारभाई

यावर मात्र सहमत. आणि बिचाऱ्याचं मरणाचं टायमिंगही कसं! २७ मार्चला हा गेला, त्याच दिवशी फ्रान्सने आणि दुसऱ्या दिवशी इंग्लंडने रशियाशी युद्ध पुकारलं. क्रिमियाच्या गदारोळात पार्माचा ड्यूक कोण विचारतो.

खडीसाखर

वंश मात्र नाही संपला हं. त्या पाच वर्षांच्या रोबेर्तोला पुढे दोन बायकांपासून २४ मुलं झाली. त्यातली झिटा ऑस्ट्रियाची शेवटची सम्राज्ञी. एक मुलगा फेलिक्स लक्झेंबर्गच्या ग्रँड डचेसशी लग्न करून तिकडे गेला, तिथे आजही त्याचेच वंशज गादीवर आहेत. ज्या ऑस्ट्रियाने आजोबाला बाहुलं केलं म्हणता, त्या ऑस्ट्रियाची नात महाराणी!

नाटकवेडा

यावर ऑपेरा का नाही झाला अजून? दोन जीनगर, एक मोतद्दार, एक विधवा. पहिला अंक पॅरिसच्या ऑपेराच्या पायऱ्यांवर.

तिकीटबाबू

काढा, पहिल्या रांगेतलं तिकीट माझं.

जाता जाता: ड्यूकचं धड व्हियारेज्जोजवळच्या बूर्बोंच्या चॅपेलमध्ये आहे आणि काळीज पार्मात, स्तेक्काता चर्चच्या तळघरात कलशात. ज्या रस्त्यावर तो पडला तो आता कावूरच्या नावाने आहे. म्हणजे ज्याने त्याच्या पोराचं राज्य पिडमाँटला जोडून घेतलं, त्याच्याच. इथलं कुणी मिलान-बोलोन्या असं फिरायला जाणार असेल तर वाटेत पार्माला उतरून सांता लुचियाच्या दाराचा फोटो काढून टाका ना. आणि तिथे जुन्या तिकिटांच्या दुकानात १८५९ च्या हंगामी सरकारची तिकिटं दिसली, लिलीचं फूल नसलेली, नुसता आकडा असलेली, तर हात लावू नका. बहुतेक नकली असतात.