पायथॉन आणि सी लायब्ररी: सीटाइप्स पुरे, की मध्ये कंपायलर हवाच?

दर्यावर्दी:
पायथॉनमधून सी लायब्ररीतलं फंक्शन कॉल करायचं म्हटलं की बरेच जण सीटाइप्स (ctypes) हे मॉड्यूल उचलतात. आवृत्ती २.५ पासून ते पायथॉनसोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. तरी प्रॉडक्शनसाठी ते वापरू नये, कंपायलरच्या मदतीने चालणारी सीएफएफआय (cffi) ही याच कामाची दुसरी लायब्ररी वापरावी, असं माझं ठाम मत आहे. सीटाइप्स हेडर फाइल, म्हणजे फंक्शन काय घेतात आणि काय देतात हे सांगणारी सी फाइल, वाचतच नाही. नावावरून फंक्शनचा पत्ता मिळतो. तिथे काय पाठवायचं आणि काय परत येणार, हे आपण सांगू तेच खरं. रेसटाइप, म्हणजे परताव्याचा प्रकार, दिला नाही तर परतावा इंट, म्हणजे ३२ बिट, धरला जातो. ६४ बिटांच्या लिनक्सवर स्ट्रडप (मजकुराची प्रत करून तिचा पत्ता देणारं सी फंक्शन) असं कॉल केलं की पत्त्याचे वरचे ३२ बिट गळतात आणि तो पत्ता वापरताच सेगफॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्यामुळे क्रॅश. एक्सेप्शन नाही, ट्रेसबॅक नाही, अख्खी प्रोसेस जाते.

मुक्ता:
ही चूक दोन ओळींत मिटते. लायब्ररी लोड झाल्याबरोबर प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स (पाठवायच्या किमतींचे प्रकार) आणि रेसटाइप एकाच फाइलमध्ये लिहून टाकायचे. त्याच्या बदल्यात कंपायलरचं ओझं वाचतं, ते कमी नाही. विंडोज, मॅक, लिनक्स अशा प्रत्येकासाठी वेगळं बिल्ड करत बसायचं कशाला?

दर्यावर्दी:
लिहिलेल्या दोन ओळी बरोबर आहेत हे कोण तपासणार? स्ट्रडपला रेसटाइप म्हणून सी_चार_पी (मजकुराचा पॉइंटर) दिला तर हातात बाइट्सची प्रत येते आणि मूळ पॉइंटर हरवतो. मग फ्री कशाला करणार, म्हणजे कुठली मेमरी मोकळी करणार? दर कॉलला मेमरी लीक. म्हणून सी_व्हॉइड_पी (नुसता पत्ता) द्यायचा, तर साधा पूर्णांक मिळतो. फ्रीचे आर्गटाइप्स राहिले असतील तर तोच पूर्णांक पुन्हा इंट म्हणून जातो, पुन्हा ३२ बिट. लाँगचंही तसंच: ६४ बिटांच्या लिनक्सवर ८ बाइट, ६४ बिटांच्या विंडोजवर ४.

सीएफएफआयच्या एपीआय मोडमध्ये, म्हणजे जोडणीचा सी कोड कंपाइल करण्याच्या पद्धतीत, कंपायलर खरं हेडर वाचतो. स्ट्रक्टमध्ये, म्हणजे अनेक फील्ड एकत्र ठेवणाऱ्या सी रचनेत, तीन टिंबं टाकली की उरलेल्या फील्डच्या जागा तोच भरतो.

मुक्ता:
लाँगचा मुद्दा पटला नाही. सी_लाँग त्या त्या प्लॅटफॉर्मचाच आकार घेतो. लाँगच्या जागी सी_इंट६४ लिहिलं तरच घोळ होतो. स्ट्रक्टचं मात्र मान्य: आवृत्तीगणिक बदलणारी स्ट्रक्ट हाताने लिहू नयेत. पण एसक्यूलाइटसारखी डेटाबेस लायब्ररी फक्त हँडल, म्हणजे ओळखीपुरता पत्ता, देते, आतलं स्ट्रक्ट आपल्याला दिसतही नाही. तिच्या ओपन फंक्शनला बायरेफने, म्हणजे पत्त्याने, व्हॉइड पॉइंटर दिला की झालं. अशा पाच-सहा फंक्शनसाठी कंपायलर आणणं मला अनाठायी वाटतं.

शंतनू_प:
कॉलबॅकचं, म्हणजे सी बाजूने उलट कॉल करायच्या पायथॉन फंक्शनचं, कुणीच बोललं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. सीटाइप्सच्या सीफंकटाइपने बनवलेला कॉलबॅक ऑब्जेक्ट तुम्ही कुठेतरी धरून ठेवला नाही तर गार्बेज कलेक्टर तो उचलतो; सी बाजूकडे मेलेला पत्ता उरतो. क्यूसॉर्ट या सॉर्टिंगच्या सी फंक्शनला दिलात तर हे कळणारही नाही, कारण कॉल संपेपर्यंत ऑब्जेक्ट जिवंत असतो. नोंदवून ठेवलेला इव्हेंट हँडलर मात्र नंतर कधीतरी, भलत्याच ठिकाणी क्रॅश होतो. सीएफएफआयच्या साध्या कॉलबॅकलाही हाच नियम लागू आहे. एपीआय मोडमधल्या एक्स्टर्न पायथॉन या घोषणेने मात्र खरं स्टॅटिक सी फंक्शन तयार होतं, त्याचा पत्ता प्रोसेस संपेपर्यंत टिकतो. कॉलबॅक नोंदवायचे असतील तर मी दर्यावर्दींच्या बाजूने.

मुक्ता:
ऑब्जेक्ट मॉड्यूल पातळीवरच्या डिक्शनरीत, हँडलच्या किल्लीने ठेवा आणि हँडल बंद केल्यावरच काढा. एवढ्यासाठी कंपायलर लागत नाही.

शंतनू_प:
आधी हँडल बंद, मग डिक्शनरीतून काढणं. हा क्रम उलटला तर बंद होताना येणारा शेवटचा कॉलबॅक मेलेल्या पत्त्यावर जातो.